एकोणिसाव्या दिवशीचं दार

२७ ऑक्टोबर

चि. ठकी,

आशीर्वाद आधीच देऊन टाकते. पुढे सगळ्या सूचना आहेत, त्यांच्या गर्दीत ते राहून जातील.

इथे तुझ्या दादाकडे आल्यापासून गुडघा बरा आहे. डॉक्टर म्हणतात चाला, तुझा दादा म्हणतो बसून राहा, आणि सूनबाई दोघांचंही ऐकून मला हळूच बाल्कनीपर्यंत नेऊन आणते. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्याला मी नुसतं "हो हो" करते. परवा तू अंडी भरल्याचं सांगत होतीस आणि मी म्हणे तुला "औषध घेतलंस का" विचारलं. म्हणून हे पत्र. कागदावर मला चांगलं ऐकू येतं.

पंचवीस तारखेला चार हजार आठशे अंडी उबवायच्या मशीनमध्ये गेली, म्हणजे एकवीस दिवसांनी, पंधरा नोव्हेंबरला पिल्लं. रेडिओवाले यंदा नोव्हेंबरात मोठी वादळं सांगताहेत. आपल्याकडे वारा जरा जोरात शिंकला तरी वीज जाते, हे तुला सांगायला नको. दुकानाला कुलूप लावून घरी बसता येतं. आपल्याला ती सोय नाही, अंडी थांबत नाहीत.

एक गोष्ट लपवून ठेवणार होते, पण मला ते जमत नाही. दादाकडे एक गृहस्थ येऊन गेले. त्यांना आपली जागा गोदामासाठी हवी आहे. दादा म्हणतो, "आई, तू आता काही परत उभी राहून चार-चार तास ट्रे फिरवणार नाहीस. आणि ठकी सहा महिन्यांपूर्वी फोटो स्टुडिओत अल्बमला कोपरे चिकटवत होती." मी त्याला म्हटलं, ही बॅच निघू दे, मग बोलू. तो वाईट नाही गं, त्याला माझी काळजी वाटते. पण माझी हॅचरी गोदाम होताना मला बघवणार नाही. तेव्हा ही बॅच म्हणजे काय ते तू समज.

रजयांचं तर तुला पाठ आहे. तरी पुन्हा सांगते. हॅचरी नवी होती तेव्हा वादळात अख्खा दिवस वीज नव्हती. मी घरातल्या झाडून सगळ्या रजया मशीनवर घातल्या, तुझा बाप दिवसभर कुडकुडत मला शिव्या घालत बसला आणि पिल्लं वेळेवर निघाली. तेव्हापासून बारा रजया मशीनच्या खोलीतल्या ट्रंकेत असतात. वीज गेली, जनरेटर गेला, की रजया घालायच्या आणि दार उघडायचं नाही. बोटभरसुद्धा नाही.

आत्या

३१ ऑक्टोबर

आत्या,

नमस्कार. पाठीत धपाटा घालायला तू जवळ नाहीस, म्हणून जरा मोकळेपणाने लिहिते.

दादाला सांग, कोपरे चिकटवणाऱ्या मुलीने काय काय केलंय ते. जनरेटर शेडमध्ये जमिनीवर होता, त्याखाली गवंड्याकडून गुडघाभर उंचीचा ओटा बांधून घेतला. डिझेल चार दिवसांचं भरलं. मशीनच्या पंख्याचा पट्टा एक जादा आणला, आणि तो कुठे ठेवलाय हे फक्त मलाच माहीत असू नये म्हणून खुंटीवर उघडा टांगला. पाण्याची पिंपं भरली. थर्मामीटर एकाचे दोन केले, एक वर आणि एक खाली.

गिऱ्हाइकांची यादीही नवी केली. तुझ्या वहीत "लाल दरवाजावाला" आणि "तो खोकणारा" अशी नावं आहेत, त्यांना निरोप कसा द्यायचा सांग बरं! आता त्रेसष्ट जणांचे नंबर आणि कुणाला किती पिल्लं हे एका कागदावर आहे. रस्ते बंद पडले तर काय, हा प्रश्न मी आपल्या गाडीच्या ड्रायव्हरला विचारला. तो म्हणाला, "ताई, अंड्यातून निघालेलं पिल्लू दोन दिवस खाण्यावाचून तगतं, पोटात शिदोरी घेऊन येतं. मोठ्या बाईंनीच शिकवलंय." म्हणजे तुझे जुने धडे अजून चालू आहेत.

आणि काल रंगीत तालीम केली. मुद्दाम मेन स्विच बंद केला. आधी अर्धा तास नुसतंच ठेवलं, तापमान साडेनव्व्याण्णववरून सत्त्याण्णववर आलं. मग वीज देऊन पुन्हा चढवलं, पुन्हा बंद केलं आणि या वेळी रजया घातल्या. अर्ध्या तासात काटा जेमतेम अर्धा डिग्री हलला. आपल्या कामाच्या मावशी तर अशा छाती काढून उभ्या होत्या, जणू रजया त्यांनीच शिवल्यात. मला खरं सांगायचं तर तुझी ती गोष्ट ऐकून ऐकून कंटाळा आला होता. आता मुकाट्याने कान धरते.

तुझी,
ठकी

४ नोव्हेंबर

चि. ठकी,

पत्र दादाला वाचून दाखवलं. "ओटा" शब्दाला त्याने वर बघितलं, "तालीम" शब्दाला पेपर खाली ठेवला. मी त्याची आई आहे, मला कळतं.

तालीम मला कधी सुचली नाही. हे मी एकदाच लिहिते, पुन्हा मागू नकोस.

आता माझी भीती सांगते. तू हुशार आहेस, आणि हुशार माणसाला ऐन वेळी काहीतरी वेगळं सुचतं. वादळात सुचू देऊ नकोस. माणूस घाबरलेला असतो, तेव्हा डोकं चालवायचं नसतं, आधी ठरवलेलं करायचं असतं. मी तीस वर्षं हेच केलं. मशीन कुणाच्या हाती द्यायचं याचं माझं एकच माप आहे, ते माणूस सांगितलेलं पाळतं का. मावशींना घरी जाऊ देऊ नकोस, ऑफिसातल्या बाकावर त्यांची झोपायची सोय कर. त्या घोरतात, कापसाचे बोळे घे.

आत्या

११ नोव्हेंबर

आत्या,

घाईत लिहिते, पोस्टमन दारात उभा आहे आणि उद्यापासून टपाल बंद म्हणतो. वादळ तेराला, परवा, आपल्यावरून जाणार असं सगळीकडे सांगताहेत. तेरा म्हणजे अंड्यांचा एकोणिसावा दिवस.

उद्या अंडी नेहमीप्रमाणे फिरत्या ट्रेमधून काढून सपाट ट्रेमध्ये ठेवू. पिल्लांची खोकी घडी उलगडून तयार आहेत. गाडी वरच्या रस्त्याला शाळेमागे लावली. त्रेसष्ट जणांना निरोप गेला, एकाने उलट मलाच विचारलं की तुम्ही जेवलात का. मावशी बाकावर मुक्काम ठोकून बसल्यात. बोळे आणले.

जसं सांगितलंयस तसंच करेन.

ठकी

१७ नोव्हेंबर

आत्या,

आज टपाल सुरू झालं, फोन अजून बंद आहेत. आधी आकडा सांगते, नाहीतर तू बाकीचं वाचणार नाहीस. चार हजार एकसष्ट. सगळी तुडतुडीत, खोक्यात एकमेकांच्या डोक्यावर नाचणारी. तुझ्या वहीतल्या चांगल्या वर्षांइतकी आहेत.

वीज तेराला सकाळी सहाला गेली ती पंधराला आली. जनरेटर नऊपर्यंत चालला. मग शेडचा पत्रा उडाला आणि आडवा पाऊस थेट त्याच्यात घुसला. जनरेटरचे मिस्त्री पूल बंद असल्यामुळे संध्याकाळी पाचला पोचले, सहाला जनरेटर पुन्हा सुरू झाला. मधले नऊ तास मशीन बंद होतं. रजया काढल्या होत्या. रस्ते सोळाला मोकळे झाले आणि त्याच दिवशी सगळी पिल्लं पोचती केली. मी आणि मावशी ठणठणीत. खूप झोपायचं आहे.

ठकी

२१ नोव्हेंबर

माझी गुणाची ठकी,

जीव भांड्यात पडला गं! चार दिवस रेडिओ कानाला लावून बसले होते, काही ऐकू येत नव्हतं तरी. तुझं पत्र आलं तेव्हा सूनबाईने ते आधी वाचलं आणि लांबूनच मला चार बोटं दाखवली. मला वाटलं चारशे. रडायलाच लागले. मग तिने कागद हातात दिला, तेव्हा आणखी रडले.

दादाला म्हटलं, बघ. नऊ तास मशीन बंद, आणि चार हजार एकसष्ट! तो म्हणाला, "आई, रजया म्हणजे कमालच आहे." त्या गोदामवाल्या गृहस्थांना रविवारी नाही म्हणून कळवणार आहे. मी म्हटलं, माझ्यानंतर कोण हा प्रश्न सुटला, ठकी सांगितलेलं पाळते.

आणि ऐक. नदीपलीकडे एका नव्या बाईने हॅचरी टाकली आहे, तिचा फोन आला होता. सूनबाईने ओरडून ओरडून मला प्रश्न सांगितले. मी तिला तुझं उदाहरण दिलं आणि म्हटलं, आजच्या आज रजया घे, आणि वीज गेली की अंडी कितीही दिवसांची असोत, रजया घालायच्या आणि दार गच्च. ती लिहून घेत होती. पुढच्या आठवड्यात म्हणे आणखी एक वादळ आहे. तू हे मोठ्या अक्षरांत लिहून आपल्या भिंतीवर लाव.

तुझी आनंदी
आत्या

२४ नोव्हेंबर

आत्या,

हे पत्र मी तीनदा सुरू करून फाडलं. आता सरळ लिहिते. त्या नदीपलीकडच्या बाईंना आजच्या आज फोन करायला वहिनीला सांग, आपल्याकडचे फोन अजून बंद आहेत आणि त्यांचा पत्ता मला ठाऊक नाही. हे वाचणं थांबव आणि आधी फोन कर. तिला म्हणावं, अंडी पंधरा-सोळा दिवसांच्या पुढची असतील तर रजया घालू नका. दार उघडा.

फोन केलास? आता सांगते.

"रजया काढल्या होत्या" असं मी लिहिलं. तुला वाटलं ट्रंकेतून काढल्या. ट्रंकेतून काढल्याच होत्या. पण नंतर मशीनवरूनही काढल्या, आणि ते मी लिहिलं नाही.

नऊला जनरेटर बंद पडला तशा आम्ही पाच मिनिटांत बाराच्या बारा रजया घातल्या. तालीम झालेली, हात आपोआप चालले. बाहेर पत्रे उडत होते आणि मी आत निवांत होते, विश्वास ठेव. अर्ध्या तासाने रजईचं टोक सारून, काच पुसून वरचा थर्मामीटर बघितला. शंभर. मला वाटलं नजर चुकली. पंधरा मिनिटांनी एकशे एक. वीज नाही, हीटर बंद, खोलीत गारठा, आणि काटा वर चाललाय!

मावशी म्हणाल्या, "थर्मामीटर बिघडलाय. नवा आहे ना, नव्याचं असंच." मी खालचा बघितला, तोही चढलेला. मावशी म्हणाल्या, "मग दोन्ही बिघडलेत." एकशे दोनवर मी दाराच्या कडीला हात घातला, तर त्या आडव्याच आल्या. "ताई, बाईंनी बजावलंय. बोटभरसुद्धा नाही. पिल्लं गारठून मरतील, मी मोठ्या बाईंना काय तोंड दाखवू?" आत्या, त्या रडत होत्या. मीही. तुझं पत्र माझ्या खिशात होतं, "वादळात सुचू देऊ नकोस" असं लिहिलेलं. मला सारखं वाटत होतं, आपण आता चुकलो तर जागा गोदामाला जाईल, आणि लोक म्हणतील, पोरीला सांगितलेलं पाळता आलं नाही.

मग मी फक्त हात जाईल एवढं दार उघडून वरच्या ट्रेमधलं एक अंडं काढलं आणि पापणीला लावलं. मला ते मावशींनीच शिकवलंय, पापणीला कळतं ते बोटाला कळत नाही. पापणी चटकन मिटली. ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखं गरम होतं ते. ते मावशींच्या हातात दिलं. त्यांनी डोळ्याला लावलं, तसंच धरून ठेवलं, आणि मग म्हणाल्या, "आत हलतंय हो." पुढच्या क्षणी त्या रजया ओढून जमिनीवर फेकत होत्या, माझ्या आधी.

तेव्हा मला उमगलं. तालमीच्या दिवशी अंडी पाच-सहा दिवसांची होती, आत नुसता ठिपका. एकोणिसाव्या दिवशी आत सबंध पिल्लू असतं आणि त्याच्या अंगची ऊब असते. एक-दोन नव्हे, चार हजारांहून जास्त पिल्लं एका बंद कपाटात, पंखा बंद, वरून बारा रजया. आपण त्यांना गारठ्यापासून वाचवत होतो आणि ती घुसमटत होती.

दोन्ही दारं सताड उघडली. संध्याकाळी सहापर्यंत आम्ही दोघी खोक्यांची झाकणं घेऊन वारा घालत होतो, पाळीपाळीने. दर तासाला वरचे ट्रे खाली, खालचे वर. काटा नव्व्याण्णवच्या खाली गेला की दार लोटायचं, शंभरावर गेला की उघडायचं. जमिनीवर पाणी शिंपडत होतो, हवा कोरडी पडू नये म्हणून. दुपारी तीनला एका अंड्याला पहिली चीर पडली. मावशी झाकण टाकून खालीच बसल्या आणि हसायला लागल्या. वरच्या ट्रेमधली दीडशेच्या वर अंडी मात्र गेली, त्यांतून काही निघालं नाही. ती माझ्या त्या पहिल्या तासाची.

मी हे लपवलं, कारण तू लिहिलं होतंस की तुझं माप एकच. मला वाटलं, पिल्लं तर निघाली, आत्याची गोष्ट राहू दे. पण तू ती दुसऱ्या कुणाला देशील हे डोक्यातच आलं नाही. मी तुझं पाळलं नाही, आत्या. दादाने रविवारी त्या गृहस्थांना जे कळवलं असेल ते बदलायचं तर बदला. मी रागावणार नाही. मी खोटं बोलले, तू रागावशीलच, पण पत्र लिहायचं थांबवू नकोस.

ठकी

२८ नोव्हेंबर

ठकी,

फोन आधी केला. तिची अंडी सतराव्या दिवसात होती आणि रजया आणून ठेवलेल्या होत्या. वादळ उद्या येतंय. सूनबाईने तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं, मग मी खुर्चीत बसले.

तुझ्यावर रागवावं म्हणून दोन दिवस प्रयत्न केला. खोटं बोललीस त्याबद्दल थोडा आला, तो या ओळीत संपला.

माझ्या पहिल्या वादळात अंडी किती दिवसांची होती, हे मी तुला कधी सांगितलंच नाही. चार. रविवारी भरली होती आणि गुरुवारी वादळ आलं. तीस वर्षं मी ती गोष्ट सांगत आले, रजया सांगितल्या, तुझ्या बापाचं कुडकुडणं सांगितलं, त्याच्या शिव्यासुद्धा सांगितल्या. दिवस सांगायचा राहून गेला, आणि हळूहळू माझ्याही लक्षातून गेला.

आता हे तुझ्याखेरीज कुणाला लिहिलेलं नाही. बाराव्या वर्षी एकदा असंच झालं होतं. सतराव्या दिवशी वीज गेली, जनरेटर तेव्हा नव्हता. मी रजया घातल्या, दार गच्च लावलं, दिवसभर मशीनला पाठ लावून बसले. दोन हजार अंड्यांतून अकरा पिल्लं निघाली. मी अंडी देणाऱ्या बाईकडे गेले आणि चारचौघांत तिला म्हटलं, तू शिळी अंडी घातलीस माझ्या गळ्यात. माझी शाळेतली मैत्रीण होती ती. एका बाकावर बसायचो. ती एवढंच म्हणाली, "ताजी होती गं." त्यानंतर आम्ही अठरा वर्षं बोललो नाही. तुझं पत्र वाचताना एकशे दोनच्या ओळीला मी थांबले आणि मला तिचा चेहरा दिसला.

काल तिला फोन केला. मला ऐकू येत नाही हे बरंच झालं, मी एका दमात सगळं बोलून टाकलं, तिने मध्ये काही म्हटलं असलं तरी मला कळलं नाही. मग फोन सूनबाईकडे दिला. तिने ऐकलं आणि मला मोठ्याने सांगितलं, "त्या म्हणताहेत, एवढं सांगायला अठरा वर्षं लागली का? आणि त्या रडताहेत. नाही, हसताहेत. आई, दोन्ही चाललंय." किती हलकं वाटतंय म्हणून सांगू! त्या दोन हजारांचं ओझं पाठीवर होतं हे मला ते उतरल्यावर कळलं.

दादाला तुझं हे पत्रही वाचायला दिलं. लपवायचं नाही असं आपलं दोघींचं ठरलं आहे, आता. त्याने पापणीचा भाग दोनदा वाचला. गृहस्थांना नाही कळवलं होतंच, तो म्हणाला ते तसंच राहू दे. शिवाय शेडला पत्रा नको, स्लॅब घालू असं स्वतःहून म्हणाला.

माझं माप चुकलं होतं. सांगितलेलं पाळणारं माणूस मिळालं म्हणून मी मागच्या पत्रात आनंदाने नाचत होते. तू पाळलंच असतंस तर आज आपल्याकडे चार हजार मेलेली पिल्लं आणि एक गोदाम असतं. मी नसेन तेव्हाही त्या खोलीत कुणीतरी माझ्या शब्दाआधी अंड्याला हात लावून बघेल, हे कळलं आणि आता मला खरोखर झोप लागते. मावशींना सांग, त्यांचं तोंड मला बघायचंच आहे, डिसेंबरात येतेय.

पुढची अंडी कधी भरणार ते लिही. भरू का म्हणून विचारू नकोस. कधी भरलीस ते फक्त कळव.

आत्या